बाबांना न दिसलेली खूण

३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

बाबांचं पत्र आलं. चार ओळी खोकल्याच्या आणि अडीच पानं तुझ्या तक्रारीची. आई गेल्यापासून चर्चमधला उपदेश त्यांना खुणांनी सांगायचं काम तुझ्याकडे आलं आणि तू अंग चोरतेस, असं त्यांचं म्हणणं. सहा रविवार झाले, उपदेशात येशूची खूण तुझ्या हातांवर एकदाही आली नाही म्हणे. मधलं बोट आधी एका तळव्यावर, मग दुसऱ्या तळव्यावर, खिळ्यांच्या जागी. आईने आपल्याला स्वतःच्या नावाआधी शिकवलेली खूण ती, आणि तीच तू गाळतेस?

बाबा जन्माचे बहिरे. चर्चमध्ये त्यांना जे मिळतं ते तुझ्या हातांतून. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून दमत असशील, कबूल. पण खरं काय ते कळव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस,
दादा

११ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

तूही आधी मलाच धरलंस. धाकटी म्हणजे घरातली हक्काची गुन्हेगार. अरे, मी काहीच गाळत नाही. पाळकसाहेब तो शब्द उच्चारतच नाहीत. प्रार्थनेच्या शेवटी नाव येतं तेवढंच. सध्या ‘यशस्वी जीवनाची सात पावलं’ चालू आहेत. पहिलं पाऊल लवकर उठणं, दुसरं नाही म्हणायला शिकणं. मागे पावलं दाखवणारा पडदा, वर निळे दिवे, दाराशी कॉफीचं यंत्र.

आणि माणूस वाईट नाही रे. आईच्या आजारपणात रोज येऊन बसायचे. शिवाय रिकामी बाकं भरली आहेत. आमच्या दुकानातला हिशेबनीस, ज्याला चर्च म्हटलं की जांभई यायची, तो आता पहाटे उठतो. मग चुकतंय कोण, मला कळेनासं झालंय.

आता खरं सांगते. गेल्या रविवारी ते ‘आपल्या आतली शक्ती’ म्हणाले आणि मी येशूची खूण केली. एकदा नाही, चारदा. बाबांचा चेहरा असा खुलला की मला रडू आलं. नंतर त्यांनी जाऊन पाळकसाहेबांचा हात धरला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की आज पोट भरलं. पाळकसाहेब इतके खूश झाले की सातांची अकरा पावलं करणार आहेत.

मी खोटं बोलले का, दादा? की भुकेल्याला वाढलं? आठवडाभर डोकं नुसतं गरगरतंय.

शहाणपण शिकव, पण लोभासकट,
चिमी

१९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

अकरा पावलांपर्यंत हसलो. पुढे हसू आलं नाही. मी छापखान्यात प्रूफं तपासतो. मूळ प्रतीत नसलेला शब्द मी घातला तर मला दार दाखवतील. पण मूळ प्रतीतूनच महत्त्वाचा शब्द गळलेला दिसला, तर समासात प्रश्नचिन्ह करून प्रत लेखकाकडे परत पाठवतो. तू लेखकाला विचारलंस का?

आणि बाबांना सांग. त्यांचा तुझ्या हातांवरचा विश्वास गेला तर त्यांना दुसरे कान नाहीत. एवढं लिहिलं खरं, पण तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मलाही सांगता येत नाही.

तुझ्याइतकाच गोंधळलेला आणि तुझाच,
दादा

५ मार्च

प्रिय दादास,
स. स. वि. वि.

पाळकसाहेबांना विचारायचा धीर झाला नाही. बाबांना सांगितलं. ते चिडले नाहीत, ते जास्त वाईट. रविवारी पहिल्या बाकावर बसले आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कुणी मिटले तर आपण प्रार्थना म्हणू. बाबांनी मिटले म्हणजे दार लावलं. मी हात वर करून उभी, कुणासाठी ते कळेना.

पाचव्या पावलाशी पाळकसाहेब अडखळले. सगळ्यांसमोर मला विचारलं, काकांना बरं नाही का. मी बाबांच्या गुडघ्याला हात लावला आणि प्रश्न खुणांनी सांगितला. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी जे हातांनी सांगितलं ते मला मोठ्याने बोलावं लागलं, की मी म्हातारा झालोय, मला आता लवकरच येशूला भेटायचंय, तुम्ही बाकी सगळ्याची ओळख करून देता, त्याची कधी देणार.

पाळकसाहेबांनी वळून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, काका, त्याच्याशी माझीच ओळख पुसट झाली आहे. हे जसंच्या तसं सांगावं की मऊ करावं, असा क्षणभर विचार आला. जसंच्या तसं सांगितलं.

तेव्हा बाबा पुढे गेले आणि लोकांकडे तोंड करून सांगू लागले. येशूला धरून नेलं तेव्हा टाकून पळालेल्या मित्रांसाठी तो मरणातून उठल्यावर पहाटे किनाऱ्यावर विस्तव पेटवून, मासे भाजून कसा थांबला, आणि या, न्याहारी करा, एवढंच कसं म्हणाला. पाळकसाहेब आमच्या बाकावर येऊन बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. हिशेबनीस मात्र मध्येच उठून गेला. शनिवारी चर्चच्या कमिटीची बैठक आहे. बाबांवर ठपका येणार की पाळकसाहेबांवर, की दोघांचे आभार मानणार, कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

एवढं मात्र नक्की सांगते. ती दहा मिनिटं बाबांचे हात बोलत होते आणि आवाज माझा होता, आणि त्यात मी पदरचा एक शब्दही घातला नाही.

बाबांचा आणि माझा, दोघांचा लोभ पोचता करते,
चिमी