कुंची मशीनवरच शिवणार

२० सप्टेंबर
नात सृष्टीनं फोनात एक सोय करून दिली. आपण बोलायचं, फोन लिहितो. तारीख बी तोच टाकतो. म्या कधी पाटी हातात धरली न्हाय, त्यामुळं लिहिलेलं मला वाचता येणार न्हाय. म्हणून मनातलं बोलायला हरकत न्हाय.

आज उमरग्याहून शिलाई मशीन आणली. बंडप्पा भंगारवाल्याच्या ढिगात पडली होती. खाली फुटका कूलर, वर पत्रा. अंग काळंभोर, मानेवर सोनेरी वेलबुट्टी, सोनेरी अक्षरं. विलायती असणार. येताना मोटारसायकलवर पुढं माझा बलभीम, मागं म्या, मांडीवर मशीन. गावात शिरलो तर लोक थांबून बघाय लागले. कौतुकानं.

सूनबाई दीपाली दारातच म्हणाली, आत्या, पितरपाखात कुणी खरेदी करतं व्हय? म्या म्हटलं, नवी वस्तू घ्यायची नसते. ही माझ्यापेक्षा जुनी हाय. ती आत निघून गेली. पटलं असणार.

बेत असा. सृष्टी पहिल्या बाळंतपणाला आलीय. दिवाळी झाली की मोकळी होईल. बारशाला बाळाच्या डोक्यावर पणजीनं शिवलेली कुंची पायजे. मशीनवरची. हातानं काय, धुरपदा बी शिवते. धुरपदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. बोळाच्या पल्याड राहते, पण कान अल्याड असतात.

२१ सप्टेंबर
सृष्टीनं मशीनवरची अक्षरं वाचली. लुधियाना. म्या विचारलं, विलायतेत कोणत्या बाजूला येतं? ती पोट धरून हसली. पोटुशी बाईनं हसलेलं चांगलं असतं, म्हणून हसू दिलं.

मग तिनं फोनात एक बाई दाखवली. बाईचा धंदाच हा. जुन्या मशीनी गोळा करायच्या, घासायच्या, चालू करायच्या, त्यावर शिवायचं. असल्या मशीनीला व्हिंटेज म्हणतात. म्हातारं माणूस घरात असलं की अडगळ, मशीन असली की व्हिंटेज. चालू द्या.

निश्चय: महिन्याच्या आत मशीन चकाचक.

२४ सप्टेंबर
राख आणि चिंच लावून घासली. अर्धी वेलबुट्टी गेली. कच्चा रंग. पूर्वीच्या लोकांना कामाची अक्कलच नव्हती.

मग तेल. फोनातल्या बाईनं चिमणीच्या चोचीएवढ्या नळीनं थेंब थेंब घातलं. चिक्कू दिसते. आपल्या घरात घाण्याचं करडईचं तेल असताना थेंब कशाला मोजायचे? गुडघ्याला तेच, समईला तेच, पिठल्याला तेच. वाटीभर ओतलं. चाक असं गरकन फिरलं की बलभीमच्या बापाची आठवण झाली. तेबी असेच फिरायचे, काम न करता.

दीपाली म्हणाली, आत्या, मशीनचं तेल येगळं मिळतं. म्हटलं, तुझ्या माहेरी मिळत असंल.

१ ऑक्टोबर
चाक फिरंना. हवा बदलली, त्यानं असणार.

वेळ फुकट जाऊ नये म्हणून मुरुमच्या बाजारातून पायाचा स्टँड आणला. वर मशीन न्हाय, नुसता स्टँड. शेजारीच एक बिनचाकाची मशीन पडली होती, ती बी उचलली. सुटे भाग कामाला येतात. सृष्टी म्हणाली, आज्जी, ह्याला कलेक्शन म्हणतात. बलभीम म्हणाला, ह्याला भंगार म्हणतात, आणि आता सोयाबीनची पोती कुठं लावू ते सांग. तुझ्या डोक्यात लाव म्हटलं, तिथं जागा रिकामी हाय.

५ ऑक्टोबर
मशीन मुरुमला शिवलिंगप्पाकडं नेली. जुना मिस्त्री. कानडी घरचा, मराठी तिखट. झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, अज्जी, ह्यात भजी तळलीव काय?

म्हणे गोडं तेल आत वाळून डिंक झालंय. रॉकेलनं धुवावं लागंल. पुन्हा खायचं तेल घालू नका, शपथ हाय. म्या शपथ घेतली. शपथ घालण्याबद्दल होती, लावण्याबद्दल कुणी काय बोललं न्हाय.

धुऊन आणली. चाक पुन्हा गरकन. येताना धुरपदा ओट्यावर बसून वाकळ टाचत होती. म्हणाली, अक्का, झाली का रिपेर? म्हटलं, रिपेर न्हाय, रिस्टोर. हा शब्द सृष्टीकडून घेतला. धुरपदानं दोरा दातानं तोडला. जळली असणार.

१२ ऑक्टोबर
दसरा. हत्यारांची पूजा. बलभीमनं विळे, कुदळ, ट्रॅक्टर मांडला. म्या दोन्ही मशीनी आणि स्टँड मांडला. हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. मशीनला पहिला मान म्हणून पळीभर करडईचं तेल लावलं. देवाचं ते. देवाच्या तेलानं काय होतंय?

१५ ऑक्टोबर
चाक फिरंना. आत हळद, कुंकू आणि तेलाचा लगदा झालाय म्हणे. म्हणणारी दीपाली. खरं कारण नजर. दसऱ्याला सोनं द्यायला धुरपदा आली होती, मशीनीकडं बघून म्हणाली, लई छान सजवलीव अक्का. लागली.

१९ ऑक्टोबर
शिवलिंगप्पाकडं पुन्हा. त्यानं झाकण उघडलं, माझ्याकडं बघितलं, आत जाऊन पाणी पिऊन आला. म्हणाला, अज्जी, गेल्या टायमाला भजी होती, आता हळदीकुंकू हाय. पुढच्या टायमाला सत्यनारायण घालताव काय? ह्या माणसाला गिऱ्हाईकाशी बोलायची रीत न्हाय. त्यानं पातळ तेलाची बाटली दिली आणि घाण्याच्या तेलाला हात लावायचा न्हाय म्हणाला. ह्या खेपेला शपथ पक्की घेतली. लावण्याची बी.

२४ ऑक्टोबर
मशीन सुसाट. आज कुंचीला बसणारच होते. कापड बी काढलं, हिरवा खण, माझ्या पेटीतला. तेवढ्यात आठवलं, बाळ जन्मायच्या आधी त्याचं नवं काय शिवत न्हाईत. अपशकुन. काय करणार, रीत ती रीत. मशीन झाकून ठेवली.

धुरपदानं बोळातून हाक मारली, अक्का, कुंची झाली का? म्या रीत सांगितली. म्हणाली, मग मशीन पितरपाखात आणलीव ती? बाई कुठली गोष्ट कुठं जोडते.

६ नोव्हेंबर
सृष्टीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मला पणती झाली. नाक आमच्या घरातलं. बाकी सगळं तिकडचं, पण नाक आमचं.

आता शिवायचं. पण सुवेर हाय. सुवेरात सुई धरत न्हाईत. दीपाली म्हणाली, असं काय नसतंय आत्या. म्हटलं, आमच्यात असतंय. ती म्हणाली, तुमच्यात म्हणजे कुणात? ह्याच घरात मला पंचवीस वर्षं झाली. बाळंतघरात वाद नको.

बारसं सव्वा महिन्यानं ठरलंय. वेळ भरपूर.

१६ नोव्हेंबर
धुरपदा रोज सकाळी येते. पाटावर बसून पाय पसरते, बाळाला पायावर घेते, तेल चोळते, न्हाऊ घालते, धुरी देते, गाणं म्हणते. तिला काय, दुसरं काम न्हाय. आज म्हणाली, अक्का, तुमी घ्या एक दिवस. पणती तुमची. म्हटलं, गुडघा वाकत न्हाय आणि मशीनचं काम हाय. बाळ तिच्या पायावर झोपलं. दमलं असंल.

२६ नोव्हेंबर
सराव सुरू. जुन्या पातळाच्या फडक्यावर टीप मारली. फडकं बाहेर आलं ते जसंच्या तसं, टाका एक न्हाय. नुसती भोकं. पुन्हा मारली. पुन्हा भोकं. दीपालीनं बघितलं आणि म्हणाली, आत्या, खालचा दोरा कुठाय? खाली बॉबिन असते, तिच्यात बी दोरा भरावा लागतो. हे आजकालचं फॅड. आमच्या काळात मशीनला वरच दोरा लागायचा, म्या डोळ्यानं बघितलंय.

म्या आयुष्यभर लई शिवलंय. गावातल्या निम्म्या चोळ्या आमच्या हातच्या. म्हणजे मशीन धुरपदाची होती, ती चालवायची, म्या समोरून कापड धरायची. पण कापड धरणं हेच अवघड. चालवायला काय, पाय सगळ्यांनाच असतात. पुढं तिनं ती मशीन लेकीला दिली. मला विचारलं बी न्हाय. आता बसते हातानं टाचत.

४ डिसेंबर
सुई मोडली. दुसरी घातली. ती बी मोडली. सुई उलटी बसते म्हणे. सुईला सुलटं-उलटं असतं हे सुईनं सांगायला नको?

संध्याकाळी एक टीप सरळ आली. वीतभर. घरभर दाखवली. बलभीम म्हणाला, आई, हायवे झाला की. टोमणा असंल, पण म्या कौतुक म्हणून घेतलं. घ्यायचं आपल्या हातात असतं.

९ डिसेंबर
माप घ्यायला बाळाकडं गेले. पोर धुरपदाच्या पायावर होती, टाळूवर तेलाचा हात चालू होता. करडईचंच तेल. तिथं चालतं म्हणे. धुरपदा म्हणाली, अक्का, या, ह्या टाळूवर हात ठेवून बघा, कशी मऊ हाय. हात तेलाचा झाला असता तर खण खराब झाला असता. म्हणून न्हाय ठेवला.

मापाचं अडलं न्हाय. देवघरातला तांब्या घेतला. बाळाचं डोकं तांब्याएवढं असतं, हे जगाला ठाऊक हाय.

१४ डिसेंबर
कुंची झाली. मशीनवरच. डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब, पण थंडी डावीकडूनच येते आपल्याकडं. कडेला जरीची पट्टी. मागं एक तेलाचा डाग पडलाय, तो पदरासारखा दिसतो. तांब्यावर घालून बघितली. अशी बसली, अशी बसली की काढायला दोघी लागल्या.

दीपाली म्हणाली, आत्या, बाळाच्या डोक्यावर एकदा घालून बघा ना. म्हटलं, बारशाच्या आधी घातली तर नवी कुठली राहील? उद्या सगळ्यांसमोर घालायची. आज झोप येत न्हाय. आनंदानं.

१५ डिसेंबर
बारसं झालं. बाळाच्या आत्यानं पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, शिवांजली. मग मला पुढं बोलावलं. पाहुणे, व्याही, सोयरे, सगळ्यांच्या माना लांब. म्या कुंची काढली. बाया म्हणाल्या, अगं बाई, मशीनवरची, ह्या वयात. इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं.

कुंची डोक्यावर ठेवली ती टेकली. आत गेली न्हाय. ओढली, तर पुढाऱ्याच्या टोपीसारखी टाळूवर उभी राहिली. अजून जरा ओढली, तर पोरीनं असा सूर लावला की स्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं. तांब्यात खोट असणार. जुना हाय, चेपलाय.

तेवढ्यात धुरपदानं पिशवीतून एक कुंची काढली. तिच्या मऊ जुन्या लुगड्याची, हातानं टाचलेली. पोरीच्या मानेखाली हात घातला, घातली, नाडी बांधली. पोर रडायची थांबली आणि तिच्याकडं बघाय लागली. रोजचं माणूस ओळखते ती.

बरोबर माप कसं घेतलंस म्हणून विहिणीनं विचारलं. धुरपदा म्हणाली, माप कुठलं, रोज टाळू चोळते की. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, खणाचीच भारी हाय हो, अक्कांची. ही आपली घरात घालायची.

तिला कुणी विचारलं होतं का?

१६ डिसेंबर
जेवले न्हाय. पोटाला बरं न्हाय. बारशाचं बुंदीचं तूप.

२३ डिसेंबर
थंडी कडाक्याची. मशीनला पुन्हा झाकण घातलंय. बलभीमनं स्टँडवर सोयाबीनची पोती लावली. चांगली बसली. कलेक्शनचा उपयोग झाला.

सकाळी धुरपदा काखेत काहीतरी घेऊन आली. परवा तिची शेळी व्याली, जुळी करडं झाली. काखेतलं करडू काळं, लांब कानाचं, आणि डोक्यात माझी कुंची. हिरवा खण, जरीची पट्टी. बारशाच्या गडबडीत तिच्या पिशवीत गेली असणार. म्हणाली, अक्का, रागवू नका. रात्री थंडीनं काकडत होतं, म्हटलं बघावं. बघा, कशी बसली. डावी बाजू लांब हाय न, तिकडनं कान बी झाकला. रात्रभर गप झोपलं.

आत दीपाली आणि सृष्टी एकमेकींकडं बघंनात. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

म्या करडाकडं नीट बघितलं. टीप कुठं उसवलेली न्हाय. नाडी मजबूत. शिवण म्हणून चूक काढायला जागा न्हाय. धुरपदा म्हणाली, दुसरं बी काकडतंय अक्का. त्याच्यासाठी एक शिवताव का? मशीनवरचीच पायजे.

ऑर्डर आली म्हणायची. पहिलीच. बाहेरून.

म्हटलं, शिवते. माप घ्यायला दुपारी येते. मग शिवांजली सृष्टीच्या मांडीवर जागी दिसली, तर जाता जाता तिच्या टाळूवर हात ठेवला. लई मऊ हाय. डोकं तांब्यापेक्षा बरंच मोठं.

दुपारी करडाकडं जाताना तांब्या न्यायचा न्हाय.