देवासला कॅरॅव्हान नेताना

१२ नोव्हेंबर, मंगळवार
कॅरॅव्हान आली! इथल्याच, झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यातून थेट, आपल्या पिकअपमागे जोडून. आत दोन बर्थ, छोटा ओटा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. यातून देवासला जायचं, इंदुमतीताईकडे. ताई ऐंशीची झाली. शेवटचं कधी भेटलो, लिहवत नाही. माझ्या नवऱ्याच्या, जयंतच्या पाठीला तासाभराहून जास्त बसणं सोसत नाही, आणि त्याला एकटं टाकून मी जाणार नाही. आता मध्ये मध्ये थांबायचं, त्याने मागे जाऊन आडवं व्हायचं, की पुन्हा निघायचं. ताईला फोन केला, मी येते हं, या वेळी नक्की.
चालवणार मीच. आयुष्यभर जीप चालवली. मागे काहीतरी असतं, एवढाच फरक.

१४ नोव्हेंबर
सून रेवती पुण्यात मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. फोनवर मोठा क्लास घेतला. अवजड सामान चाकांच्या पुढे ठेवा, मागे हलकं. वजन मागे गेलं की कॅरॅव्हानचा डबा शेपटीसारखा डुलतो. डुललाच तर पिकअपचा ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि डब्याचा वेगळा ब्रेक, स्टिअरिंगशेजारचा खटका, हाताने हळूच दाबायचा. आणि आई, आधी जवळच्या समथरपर्यंत जाऊन या, मगच देवास.
सगळं पाठ झालं. कॉन्व्हेंटमध्ये याहून लांब प्रार्थना पाठ केल्यात, अर्थ न कळता.

१६ नोव्हेंबर
सामान भरलं. बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? गव्हाची दोन पोती, लोणच्याच्या बरण्या, आईचं पितळी पातेलं (ताईचा त्याच्यावर पहिल्यापासून डोळा). पुढे देव बसवले. आता देवांच्या अंगावर पोती रचायची का? म्हणून बाकी सगळं मागे.
जयंत म्हणाला, शशी, रेवतीने बरोबर उलटं सांगितलंय. मी म्हटलं, रेवतीचे देव कपाटात असतात, तिला काय कळणार. शिवाय मागे वजन असलं की गाडी रस्त्याला चिकटून चालते. साधं सायन्स. जयंतने जन्मभर ट्रान्सफॉर्मर बनवले. ते जागचे हलत नाहीत.

१७ नोव्हेंबर, पहाटे
निघतोय. मन अगदी शांत.

दुपारी
घरी. पेन नीट चालत नाही.
सुरुवात उत्तम होती. मग उतार आला, शेजारून एक ट्रक सुसाट गेला, आणि आरशात डबा कधी डावीकडे, कधी उजवीकडे. वाऱ्यामुळे. वारा नव्हता, पण असणार.
पाठ सगळं होतं, फक्त थोडं पुढेमागे झालं. आधी जोरात ब्रेक, मग स्टिअरिंग गरागरा, मग डोळे मिटले. खटका जयंतने दाबला. थांबलो ते हरभऱ्याच्या शेतात. डबा नाचताना पाहून शेतवाले धावत आले. अम्मा जी, जौ डिब्बा तो नाच रओ हतो! जयंत म्हणाला, भैया, अचार ज़रा ज़्यादा हो गया. सगळे खूप हसले. मी नाही. ट्रॅक्टरने ओढून काढलं. देव सुखरूप, तेलात न्हालेले.
घरी आल्यावर पाहिलं, जयंतला शर्टाची बटणं काढता येत नव्हती. मला पाहून म्हणाला, थंडी आहे.

१९ नोव्हेंबर
पोती पुढे आणली. देव जयंतच्या मांडीवर बसतील. किल्ली फिरवली. क्लचवर पाय ठेवला, पण दाबवेना. क्लच कडक झालाय.

२२ नोव्हेंबर
मेकॅनिक म्हणतो क्लच लोण्यासारखा आहे. आजकालच्या मेकॅनिकना काही येत नाही.
ताईला फोन केला. गाडीचं काम निघालंय, यंदा जमेलसं वाटत नाही. ती म्हणाली, बरं.

२६ नोव्हेंबर
सकाळी ताईचा फोन. झाशी स्टेशनवरून! एक काठी, एक पिशवी. मुलाने देवासला गाडीत बसवून दिलं, इथे एकटी उतरली.
मी रडले, मग रागावले. या वयात असं येतात का? आणि येता येत होतं, तर इतकी वर्षं का नाही आलीस?
ताई चहा बशीत ओतत म्हणाली, तू दर वेळी मी येते, मी येते म्हणायचीस. मला ये असं कधी म्हणालीच नाहीस.