राक्षसनावेचा रावस

कल्याण, २२ ऑगस्ट १९९३

चि. सगुणास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझी आई बाजारातून आली की पाय दुखतात म्हणते आणि सकाळी माझ्याआधी मासळीची पाटी घेऊन निघते.

पत्रास कारण की, दुर्गाडीच्या जत्रेत जागा वाटणारे उत्तमशेठ येऊन गेले. आपला होडीसारखा मोठा झोपाळा, राक्षसनाव, यंदा नको म्हणाले. पूर्वी तिच्यात बसायला भांडणाऱ्या पोरांना आता पोरं झाली, आणि ती पुढचं राक्षसाचं तोंड बघूनच भोकाड पसरतात. मी म्हटलं, हीच नाव लहान पोरांसाठी नटवून देतो. बोलून तर बसलो. पण मला पोरांना घाबरवणं येतं, रिझवणं येत नाही. नाव मोडीत गेली तर माझा जीव कशात रमणार? तू बालवाडीत शिकवतेस. पोरांना काय आवडतं ते विचारून कळव.

तुझा बा, दामाजी

ठाणे, ३० ऑगस्ट १९९३

ती. बाबांस सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

वर्गात विचारलं. आधी हत्तीवर एकमत झालं होतं. मग एकीने हसणारा मासा मागितला आणि सगळा वर्ग मासा मासा करत बाकांवर चढला. तेव्हा मासाच करा. कोळ्याच्या घरी तो शिकवायला नको. झोका मात्र निम्मा ठेवा, आणि फुगून बसू नका.

आईला सांगा, पायाला तेल लावत जा. माया असू द्यावी.

आपली सगुणा

कल्याण, १९ सप्टेंबर १९९३

चि. सगुणास आशीर्वाद.

राक्षसाचे दात उपटले. रावस रंगवून झाला. तुझी आई चहूबाजूंनी फिरून म्हणाली की असा माल अख्ख्या बाजारात नाही. रविवारी रतनला घेऊन बघायला ये. निम्म्या झोक्याचं नंतर बोलू.

दामाजी

ठाणे, २७ सप्टेंबर १९९३

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

काल आईसमोर बोलले नाही, कारण हसू आवरत नव्हतं. बाबा, तुम्ही रावस पाटीत निजवलाय. भोवती बर्फ घातलाय. ताजा दिसावा म्हणून कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवलाय. रतनने घरी येताना विचारलं की आजोबांचा मासा कधी मेला. तुमची नात पाच वर्षांची आहे, तिला तुम्ही मयताला बोलावलंत.

तुमचा दोष नाही. तुम्ही मासा जाळ्यात पाहिला आणि आईने पाटीत. त्याला पाण्यात सोडा. कल्ला मिटा, बर्फावर निळा रंग मारा, तोंडाचे कोपरे वर वळवा. जत्रा तोंडावर आली आहे, मला तुमची फार काळजी वाटते. नाव गेली तर तुम्ही घरात बसून आईला छळाल.

राग मानू नये, जीव लावत राहावं.

आपली सगुणा

कल्याण, २५ ऑक्टोबर १९९३

चि. सगुणास अनेक आशीर्वाद.

कालच दसरा झाला. सोनं घ्यायला तुम्ही आला नाहीत म्हणून तुझी आई रुसली आहे.

तुझं पत्र वाचून आधी फुगलोच. मग कल्ला मिटला. हसणाऱ्या माशाला गिऱ्हाईक मिळणार नाही, असं तुझी आई अजून म्हणते. झोकाही निम्मा केला, आणि त्याची मला लाज वाटत होती. एवढ्याशा झोक्याला कोण ओरडणार?

पहिल्या माळेला पोरं आईबापांना ओढत आली. चढताना हसली, वर गेल्यावर पूर्वीच्या पोरांसारखीच किंचाळली, आणि उतरून पुन्हा रांगेत. उत्तमशेठ बघत उभे होते. पुढच्या वर्षीही जागा तुमचीच, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी पागोट्याने डोळे पुसले, उगाच लपवत नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. इतकी वर्षं मी नावेजवळ उभा राहिलो की पोरं आयांच्या मागे दडायची. परवा एक चिमुरडी उतरली, सरळ माझ्याकडे आली आणि उचलून घे म्हणून तिने हात वर केले. उचलायचं कसं, तेच मला क्षणभर सुचेना.

सगळ्यांना माया.

तुझा बा, दामाजी