मंदिराची शाळा, विहाराची शाळा

सडक अर्जुनी,
१८ जानेवारी

प्रिय रेणू,

तुझा नंबर मी दीड वर्षापूर्वी ब्लॉक केला. तो उघडायची माझी इच्छा नाही, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. तुझ्या सासरच्या दारात मी पाय ठेवणार नाही आणि तू हायवे ओलांडून आमच्या वस्तीत येणार नाहीस. मधे दोन किलोमीटरसुद्धा नाहीत, तरी पत्र पोस्टानं जाणार. मधेच फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

गोंदियाला बी.एड.ला असताना आपण एका खोलीत राहत होतो. घरमालकीण हिंदीत ओरडायची, तू चिडलीस की पोवारी बोलायचीस, मी झाडीबोलीत उत्तर द्यायची, आणि पाण्याच्या मोटरवरून तिघींचं जुंपायचं. आपल्या दोघींचं मात्र कधी जुंपलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तू मला तुझ्या घरी, दरेकशाला घेऊन गेलीस. गाडीतून उतरलो आणि फलाटावरच तू म्हणालीस, आईनं विचारलं तर नुसतं मेश्राम सांग, पुढचं मी पाहते. तुझ्या आईनं, देवकाबाईंनी, हातपाय धुवायला पाणी देता देताच विचारलं, “मेश्राम म्हणजे गोंडायच्या का?” मी तोंड उघडायच्या आत तू हो म्हणालीस. मेश्राम गोंडांतही आहेत आणि आम्हा बौद्धांतही आहेत, त्याचा तू फायदा घेतलास. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यानंतर कुणाच्याही ओसरीवर ते ओळख लपवून जेवले नाहीत. मी मात्र तुमच्या स्वयंपाकघरात बसून भात आणि लाखोरीची डाळ जेवले, आणि तुझे आभार मानले. मला ते तेव्हा प्रेम वाटलं होतं. तुझी धाकटी बहीण टीना सात वर्षांची होती. चार दिवस माझ्या पाठीमागे होती, तेराचा पाढा पाठ झाल्यावरच तिनं मला सोडलं.

पुढे तुझं लग्न इथल्याच ईश्वरदासजींच्या घरात झालं आणि त्यांच्या मंदिर ट्रस्टनं शाळा काढली तेव्हा गणिताला बाई मिळत नाही म्हणून तूच माझ्या घरी आलीस. तासिका तत्त्वावर होतं, कागदपत्रं कुणी मागितली नाहीत. तुझ्या सासऱ्यांनी एकदाच विचारलं, मेश्राम का? बरं. आमच्या वस्तीला लागून गोंडांचीही घरं आहेत, म्हणून तिथेही सगळ्यांनी आपापल्या परीनं समजून घेतलं आणि मी समजू दिलं. सहा वर्षं मी त्या शाळेत शिकवलं. दर गुरुवारी आरतीला हात जोडून उभी राहिले. माझ्या हातून दहावीची पोरं गणितात शंभरपैकी नव्वदच्या वर गेली, ती कुठल्या वस्तीतली होती हे त्या सहा वर्षांत कुणी मोजलं नव्हतं. आमच्या वस्तीतली एकतीस पोरं तिथं होती. एका बाकावर बसत होती, एकाच ऑटोनं येत होती.

मग कायम शिक्षकाची जागा निघाली. जाहिरात, मुलाखत, नमुना पाठ, सगळं रीतसर. आठवीच्या वर्गावर मी वर्तुळाच्या परिघाचा पाठ घेतला. पोरांना बांगडी, डब्याचं झाकण, सायकलची रिंग दिली आणि सुतळीनं मोजायला लावलं. निवड समितीत तुझे सासरे, दोन ट्रस्टी आणि सचिव म्हणून तू. घंटा झाली तरी पोरं उठत नव्हती, हे तू मागच्या बाकावरून पाहिलंस. आठ दिवसांनी तू मला स्टाफरूमच्या बाहेर घेतलंस आणि सांगितलंस, “अल्का, तुझा पाठ थोडा कमी पडला गं. फळ्याकडे तोंड करून बोलतेस.” जागा बालाघाटकडच्या एका सरांना मिळाली.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला, रेणू. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. वर्षभर मी घरी कपाटाच्या दाराला खडू लावून शिकवण्याचा सराव केला. अतुलला, माझ्या नवऱ्याला, समोर खुर्चीवर बसवून विचारायची, मी पाठ फिरवते का? तो बिचारा कामावरून दमून आलेला असायचा, तरी दर वेळी नाही म्हणायचा, आणि मला वाटायचं हा मला बरं वाटावं म्हणून सांगतो आहे. वर्गात लिहितानासुद्धा मी तिरकी उभी राहू लागले. एकदा त्या नादात फळ्यापुढच्या चौथऱ्यावरून पडले, पाय मुरगळला. तू मला बघायला आलीस. लिंबाचं लोणचं घेऊन आलीस. माझ्या खाटेवर बसलीस आणि तेव्हाही तू काही बोलली नाहीस.

गुणतक्ता मी नंतर पाहिला. कुणी दाखवला हे विचारू नकोस, त्याची नोकरी मला घालवायची नाही. पन्नासपैकी सेहेचाळीस. पुढचा उमेदवार एकतीस. शेरा होता, संस्थेच्या धार्मिक वातावरणास अनुरूप नाही. खाली चार सह्या, चौथी तुझी. आणि ज्यानं दाखवलं त्यानं हेही सांगितलं की तुझे सासरे ईश्वरदासजी म्हणाले होते, बाई चांगल्या आहेत, घेऊन टाकू. तेव्हा तू म्हणालीस, मामाजी, त्या गोंड नाहीत, बौद्ध आहेत, नंतर कळलं तर लोक मलाच बोलतील. म्हणजे दरेकशाला तू खोटं बोललीस ते तुझ्या सोयीसाठी, आणि इथं खरं बोललीस तेही तुझ्याच सोयीसाठी. आपली अडचण होऊ नये एवढीच तुझी काळजी होती. सासऱ्याला तरी त्याच्या देवाधर्माचं काही असेल. तुला तर तेही नव्हतं.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण तुमच्या बाजूनं. आमच्या बाजूनं असं झालं. मी वस्तीत सांगितलं. यादोराव काका, आमच्या विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, त्यांनी त्याच आठवड्यात सभा घेतली आणि महिनाभरात एकतीसच्या एकतीस पोरं तुमच्या शाळेतून निघाली. जूनमध्ये विहाराच्या सभागृहात आमची शाळा सुरू झाली. मला मुख्याध्यापिका केलं. मग ऑटो वेगळे झाले. मोबाइलवर तुमच्याकडून आमच्याबद्दल आणि आमच्याकडून तुमच्याबद्दल जे फिरलं ते मी इथं लिहिणार नाही. बाजारात लोक आता शाळेचं नाव घेत नाहीत. मंदिराची शाळा म्हणतात, विहाराची शाळा म्हणतात, आणि एवढ्यावरून माणूस कुठला ते ओळखतात. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. तुमचे अर्धे वर्ग रिकामे पडले असं ऐकलं त्या दिवशी मी घरात शिरा केला होता.

आता या वर्षीचं. आम्हाला विज्ञानाला शिक्षक हवा होता. पेपरात दोन ओळी दिल्या. नऊ अर्ज आले, त्यात टीनाचा होता. ती तुला न विचारता आली होती. तेराचा पाढा पाठ करणारी ती पोरगी बी.एस्सी. बी.एड. होऊन माझ्यासमोर उभी. पाया पडायला वाकली, मी तिचे हात धरले. तिनं सातवीवर पाण्याच्या दाबाचा पाठ घेतला. प्लॅस्टिकच्या बाटलीला वर, मधे आणि खाली भोकं पाडून आणली होती. पाणी कुठलं जास्त लांब जाईल, हे आधी पोरांकडून वदवून घेतलं, मग बोटं काढली. सगळ्यात मागे बसणारा पोरगा उठून पुढे आला. पंधरा वर्षांत इतका चांगला पाठ मी पाहिलेला नाही. माझाही धरून.

ती बाहेर गेल्यावर यादोराव काका म्हणाले, “पोरगी हुशार हाय, त्यात काही म्हननं नाही. पन त्यायची पोरगी आपल्या शाळेत कायले? आपल्या बाईले तिथं घेतलं होतं का?” कमिटीतले बाकीचे दोघं माझ्याकडे बघत होते. मुख्याध्यापिका मी, पाठ मी पाहिलेला, गुण मी दिलेले. मी नुसतं ‘घ्या’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. काका माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. मी कागदाकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात टीना नव्हती. तू होतीस. तुला हे कळेल तेव्हा तुझं तोंड कसं होईल, हे मी मनात पाहत होते आणि ते मला गोड लागत होतं. मी नकारावर सही केली.

ती व्हरांड्यात थांबली होती. म्हणाली, “अल्काताई, माझा पाठ कमी पडला का?” आणि मी तिला सांगितलं, थोडा कमी पडला. तुझा आवाज मागच्या पोरांपर्यंत जात नव्हता. ती हो म्हणाली, बाटली पिशवीत ठेवली आणि बस पकडायला गेली.

मागच्या सोमवारी देवकाबाईंचा फोन आला. मी कोण ते त्यांना आता माहीत आहे, आपल्या भांडणातून सगळ्यांनाच झालं. त्या म्हणाल्या, “तू कोनाची ते मले आता ठाव हाय बाई. पन शिकवाले तुले येते. पोरगी रोज ढोरायच्या कोठ्यात जाऊन मोठ्यानं बोलून राहिली, गळा बसला तिचा. आता म्हनते, मास्तरीन होनं माह्या हातचं नाही. गोंदियाले मोबाइलच्या दुकानात लागतो म्हनते. तिले तेवढं शिकवून दे.” मी फोन ठेवला. मग काकांकडे गेले, कमिटी पुन्हा बोलवायला लावली. काल रविवारी ती झाली. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. तीन विरुद्ध एक. काका म्हणाले, आधी काऊन नाही बोलली? त्यांचं चुकलं नाही. टीनाला घेतलं नाही. वस्तीतल्या बायका आज नळावर माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरांच्या परीक्षा होईपर्यंत मी शाळेत आहे, पुढचं माहीत नाही.

हे पत्र मी समेटासाठी लिहिलेलं नाही. तुला माफही केलेलं नाही. आज सकाळी टीनाला वेगळं पत्र टाकलं आहे. तिचे गुण, बाकी आठ जणांचे गुण, आणि तिला का घेतलं नाही ते कारण, माझ्या सहीनं. आवाज सगळ्यांपर्यंत जात होता आणि मी खोटं बोलले, हेही. ते वाचून ती आधी तुझ्याकडे येईल, कारण अल्काताई असं का वागली, हे तिला तुलाच विचारावं लागेल. तेव्हा तू काहीतरी गोड बनवून सांगशील, हे मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. तिला सेहेचाळीस सांग, तुझी सही सांग, आणि वर्षभर मला काय समजू दिलंस ते सांग. माझा भाग मी तिला लिहिला आहे. तुझा तू सांगितला नाहीस, तर तोही मीच सांगेन, आणि मी सांगितलेला तुला सोसणार नाही. तो कोठा बंद व्हायला हवा, रेणू. त्या पोरीला नीट शिकवता येतं.

एकेकाळची तुझीच,
अल्का मेश्राम