तिसऱ्यांदा विचारल्यावर

मिनीआपोलिस,
३ ऑक्टोबर १९८७

ती. बोर्गहिल्ड आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या बटाट्याच्या पोळ्या लोणी-साखर लावून केव्हाच संपल्या.

बातमी मात्र वाईट आहे. प्रबंधाचा आराखडा महिनाअखेर समितीपुढे ठेवायचा आहे आणि मला मार्गदर्शकच नाही. सहीशिवाय आराखडा घेत नाहीत, वर्ष बुडेल. प्रा. लिबर्मन आपण होऊन मार्गदर्शन करतो म्हणाले. मी म्हटलं, छे छे, तुम्हाला कशाला त्रास. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल. तर ते 'बरं, तुमची मर्जी' म्हणून चालू लागले! तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

विषय आपल्याच लोकांचा, 'मिनेसोटातल्या नॉर्वेजियन लोकांचं समाजजीवन' असा घेतलाय. जमलं तर बघू.

माया आहेच, ती तशीच ठेव.
तुझी सिग्ने

नॉर्डबी,
८ ऑक्टोबर

चि. सिग्नेस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं, तो माणूस ब्रुकलिनचा. तिकडे नाही म्हणजे नाही. तू काय आपल्या चर्चच्या तळघरात कॉफीला बसली होतीस, तिसऱ्या आग्रहाची वाट बघत? पत्र मिळताच त्याच्या दारात उभी राहा आणि तुम्हीच हवे आहात म्हणून सांग. 'सवड असेल तर' हे शब्द तोंडातून निघाले तर मला तोंड दाखवू नकोस.

हा विषय आहे की धान्याचं कोठार? तुला नक्की काय शोधायचंय ते एका वाक्यात लिही. आमच्या कॉलेजात हेच घोटून घेत. वाक्य होत नसेल तर विषय नाही. आणि समितीपुढे 'जमलं तर बघू' चालणार नाही.

तुझ्या वडिलांना यंदाचा मका कसा म्हणून विचारलं, तर 'बरा म्हणायचा' म्हणाले. म्हणजे कोठार ओसंडतंय.

जेवणाची हयगय करू नको.
तुझी आत्या

मिनीआपोलिस,
२६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेले, एका दमात बोलले. सरांनी विचारलं, मग आधी दोनदा नाही का म्हणालात? मी आपल्या कॉफीची रीत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हेच लिहा.

माझं वाक्य: 'तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे नॉर्डबीत कोण कुणाला शिकवतं, आणि ही रीत न जाणणारा माणूस समोर आला की काय होतं?' सही मिळाली. समितीत एकीने उदाहरण मागितलं, तेव्हा माझीच फजिती सांगितली. हसून हसून आराखडा मंजूर केला! अट एकच: गावातलं एक जाणतं माणूस मुलाखती द्यायला तयार आहे, हे नाताळापूर्वी कळवायचं. नाहीतर मंजुरी रद्द.

आत्या, तू देशील?

उत्तराकडे डोळे लावून,
सिग्ने

नॉर्डबी,
३१ ऑक्टोबर

चि. सिग्नेस,
अ. उ. आ.

मंजुरीचं कळलं. वाक्य ठीक आहे. तुझे वडील 'वाईट नाही' म्हणाले आणि कुणी आग्रह न करता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मुलाखतीचं म्हणशील तर नाही. छे, मला काय कळतं? शेजारच्या गुद्रुनला विचार, तिला बोलायची हौस.

मधली खोली झाडून घेतली आहे. टेपरेकॉर्डरला सोयीचं म्हणून टेबल प्लगजवळ सरकवलंय. गुद्रुनकडे जागा नाही.

नाताळाची मुदत आहे, तेव्हा उरलेली दोन पत्रं एकाच पाकिटात घातलीस तरी चालेल.

तुझी आत्या
बोर्गहिल्ड