चार गाई आणि एक सही

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा इतक्या लांबून वाकून नमस्कार.

चार गाई वाचवायला काय लागलं ते सांगतो: मेसमधलं सगळं व्हिनेगर, थंड पाण्याच्या वीस बादल्या आणि तू दिलेला शर्ट. शर्टावरून ओरडू नकोस.

परवा सकाळी चारा घालून अर्ध्या तासाने गोठ्यात परतलो, तर दारातच गाईंचे दात करकरताना ऐकू आले. अंगं थरथरत होती, पोटं फुगलेली, तोंडाला फेस. मी ओळखलं, पोटात खताचा युरिया गेलाय. डॉक्टर पोचायच्या आत नळीने व्हिनेगर पाजायला घेतलंसुद्धा. ते म्हणाले, "मामा, माझं काम तुम्हीच उरकलंत की!" चौथीत शाळा सोडलेल्याला एवढं पुष्कळ झालं. पाचवी गाय मात्र वाचली नाही.

संध्याकाळी मुकादम वही घेऊन आला. "ओल्या गवताने पोट फुगलं, असं लिहिलंय. सही कर, नाहीतर बोचकं बांध."

मी म्हटलं, "बांधतो की! खत आणि मीठ एका खोलीत ठेवायला तुम्हीच सांगितलंत. गवतावर ढकललंत तर गोण्या तिथेच राहतील आणि उद्या पुन्हा गाई मरतील." त्याच्यादेखत गवत खोडून मी 'युरिया' लिहिलं.

तू घोर लावून घेऊ नकोस, जेवण वेळेवर होतं. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

सोमवारी मालकांनी बोलावलंय. तिथेही हेच सांगणार, आणि अजून कुणालाच न सांगितलेलंही: मीठ समजून ती गोणी गव्हाणीत मीच ओतली होती.

तुझा हट्टी,
धाकटा