ढमीची शाळा तीच राहणार

४ नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणजे नाही. ढमीची शाळा बदलणार नाही.

ताईला आज तोंडावर सांगितलं. घर बदललं, ठीक आहे. तिची बदली शहराच्या या टोकाच्या इस्पितळात झाली, पाळ्या करून थकलेल्या नर्सने रोज दीड तास बसमध्ये उभं राहायचं का? भावोजी बाहेरगावी, दोन महिन्यांतून चार दिवस येणार. घर इस्पितळाजवळ हवंच होतं. पण घर बदललं म्हणून पोरीची शाळाही बदलायची, हे कुठलं शास्त्र?

ताई खोकी उघडत होती. वर न बघता म्हणाली, "नवी शाळा इथून चालत सात मिनिटं. जुनी अकरा किलोमीटर. तूच घाल गणित."

गणितात काय ठेवलंय? ही पोरगी दोन वर्षं शाळेत एक अक्षर बोलली नाही. घरी दिवसभर रेडिओ, आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. वर्गबाई थकल्या, डॉक्टर म्हणाले वाट बघा. वाट बघितली. आता कुठे, तिसरीत, बाकावर शेजारी बसणाऱ्या पोरीशी, त्या बडबडीशी, कुजबुजायला लागली. पंधरा दिवसांपूर्वी हजेरीला "हजर" म्हणाली. एवढंच. त्यासाठी वर्गबाईंनी ताईला मुद्दाम फोन केला होता आणि ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. आणि आता त्याच पोरीला उचलून चाळीस अनोळखी तोंडांसमोर बसवायचं?

"पण रोज नेणार कोण?" ताई.

"मी."

"तू?"

त्या एका अक्षरात सगळं आलं. दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून सोडलेलं कॉलेज, बाबांशी धरलेला अबोला, सहा महिन्यांत सोडलेली दोन कामं. "भडकू," ताई म्हणाली, "चार दिवस नेशील. पाचव्या दिवशी कुणाशी तरी वाजेल आणि स्कूटर रस्त्यात टाकून येशील."

बघच म्हणावं.

५ नोव्हेंबर

खरं लिहायचं तर—इथे तरी लिहावं—शाळेच्या ऑफिसात ती बसते. शिक्केवाली. दाखल्यांवर शिक्के मारते, खिडकीत बसून उशिरा येणाऱ्यांची वही ठेवते. वर्षभरात, ढमीची फी भरायच्या रांगेत, ती माझ्याशी एकूण नऊ वाक्यं बोलली आहे. सगळी मला पाठ आहेत. सर्वात मोठं: "रांगेत या, तुमच्या आधी या आजी आहेत."

पण हे ढमीसाठी आहे. ढमीसाठीच आहे.

६ नोव्हेंबर

रात्रभर जागून तीन पानी अर्ज लिहिला. शिक्षण, बालमन, समाज, सगळं त्यात घातलं. शिक्केवालीने पहिल्या पानावर नजर फिरवली आणि खिडकीतून परत सरकवला. "भाषण नको. अर्ज द्या. चार ओळींचा."

दहावं, अकरावं, बारावं वाक्य!

७ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या बाईंसमोर उभा राहिलो. त्यांचं म्हणणं असं, की हद्दीबाहेरची मुलं शाळा ठेवत नाही. लांबून येणारी उशिरा येतात, मग येतच नाहीत, आणि इकडे यादीत पंचवीस मुलं थांबलीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुम्हाला बाक भरायचेत, मुलं नकोत—" एवढं तोंडातून निघालंच होतं. तेवढ्यात बाजूने एक कागद माझ्यापुढे आला. शिक्केवाली. "हे हमीपत्र आहे. आधी वाचा, मग बोला."

वाचेपर्यंत राग निम्मा झाला. बहुतेक तेवढ्यासाठीच दिला असणार.

ठरलं ते असं: एक महिना बघणार. घंटा आठची. महिन्यात तीनदा उशीर झाला की ढमीची जागा यादीतल्या मुलाला. एकदाही सूट नाही. सही केली. इतकी ठसठशीत की मागच्या कागदावर उमटली.

११ नोव्हेंबर

पहिलाच सोमवार आणि स्कूटरने दगा दिला. बावीस लाथा मारल्यावर सुरू झाली. पोचलो आठ वाजून दोन मिनिटांनी. दोन मिनिटं! म्हटलं, अहो, तुमचं घड्याळ पुढे असेल. शिक्केवालीने घड्याळाकडे पाहिलं नाही. "आज खोडलं तर उद्या तुम्ही आठ दहाला याल." लाल शाईने ८.०२ लिहिलं.

चिडायला हवं होतं. त्याऐवजी दिवसभर कामावर, चष्म्याच्या दुकानात, त्या आकड्यांचं वळण आठवत बसलो. तिचा दोन अगदी बदकासारखा आहे.

१४ नोव्हेंबर

आता जमलंय. सहाला उठतो, स्कूटर आधीच तापवून ठेवतो, सात दहाला निघतो. ढमी मागे बसून बडबड करते. पुलापर्यंत कालचं स्वप्न, पेट्रोलपंपापर्यंत बडबडीच्या मांजराच्या भानगडी. मग डुलकी. हेल्मेट माझ्या पाठीवर टक टक आपटतं. शाळेच्या गल्लीत वळलो की आपोआप जागी होते.

आज फाटकात बडबडीने हाक मारली आणि ढमीने तिथूनच ओरडून उत्तर दिलं. फाटकात! सगळ्यांसमोर! शिपाईमामांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

ताईला सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली, पण माझ्या ताटात दुसरी भाजी न मागता वाढली.

२० नोव्हेंबर

माझं चुकलं. लिहून टाकतो.

सिग्नलला एका गाडीवाल्याने आडवी घातली. ढमी मागे होती, तिचा पाय वाचला तो नशिबाने. मी गाडी अडवली. उतरलो. काच ठोकली. तो म्हणाला, "बाजूला हो रे पोरा." मग काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दहा मिनिटं. लोक जमले. त्या दहा मिनिटांत घड्याळ म्हणून काही असतं हेच विसरलो.

८.०९. दुसरा शेरा.

पण ते जाऊ दे. दुपारी वर्गबाईंचा फोन आला—आज हजेरीला ढमी गप्प. बडबडीशीसुद्धा गप्प. डबा तसाच परत.

चष्म्याच्या दुकानात काचा घासताना तीन तडकवल्या. दुकानाचे मालक काका म्हणाले, "रागाने घासलेली काच टिकत नाही. घरी जा."

२१ नोव्हेंबर

आजही गप्प. आता घरीसुद्धा. ताईने डबा उघडून पाहिला, परत झाकण लावलं. म्हणाली फक्त, "नव्या शाळेचा फॉर्म आणून ठेवते. तुला बोल लावत नाही रे. पण ठेवते."

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी ढमीला घेऊन जिन्यात बसलो. ती पायरीवरची माती नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "तू ओरडलास ना मामा, मग माझा आवाज आत गेला."

माझ्यावर बाबा ओरडले, सर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडलो. कुणी मला इतकं साधं कधी सांगितलं नव्हतं.

"परत ओरडलो तर?" मी विचारलं.

"नको ना ओरडू."

"राग आला तर काय करू मग?"

तिने विचार केला. "पाढा म्हण. अवघडातला. एकोणीसचा."

कबूल.

२८ नोव्हेंबर

एकोणीस एके एकोणीस! बस इतकी जवळून गेली की उजवा आरसा उडाला. ड्रायव्हर वर हसतोय. एकोणीस दुणे अडतीस. दात आवळून, भर रस्त्यात, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं. त्रिक सत्तावन्न. चोक शहात्तर. मागून ढमी खिदळत, "पंचे पंच्याण्णव!" पुढचं दोघांनाही येईना. तेच पाच परत परत म्हणत शाळेत पोचलो. ७.५८.

शिक्केवालीने विचारलं, "आरसा कुठे?" म्हटलं, बसला दिला. ती हसली. वहीत तोंड घालून, पण हसली. मी पाहिलं.

३ डिसेंबर

काही नाही. ७.५५. हजेरीला "हजर". आता फोनही येत नाही, इतकं नेहमीचं झालंय.

६ डिसेंबर, शुक्रवार

झाला महिना! दोन शेरे, तिसरा नाही. मोठ्या बाईंनी वही पाहिली, चष्मा काढला, म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही पंधरा दिवसांत दमाल." म्हटलं, मलाही. ताईलाही. सगळ्यांचं एकमत होतं.

परवानगी चौथी पूर्ण होईपर्यंत.

कागद घेऊन खिडकीशी गेलो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ढमी चवड्यांवर उभी राहिली आणि खिडकीतून आत म्हणाली, "आमच्या कागदावर शिक्का मारा." अख्खं वाक्य, तेही ऑफिसात, मोठ्या माणसाला. शिक्केवालीचा हात मध्येच थांबला. मग तिने शिक्का मारला, जरा जास्तच जोरात, आणि खाली बघून बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

घरी ताईने नव्या शाळेचा फॉर्म फाडला नाही. त्याच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली. चालेल.

सोमवारी शिक्केवालीला चहाला विचारणार. ठरवलंय. भीती वाटत नाही. जो एकोणीसचा पाढा चौकात म्हणू शकतो, तो काहीही विचारू शकतो.

९ डिसेंबर, सोमवार

विचारायच्या आत तीच बोलली. हा तिचा शेवटचा आठवडा. दुसरी नोकरी मिळाली—आमच्या नव्या घराजवळची शाळा. तीच, सात मिनिटांवरची. "तिथे तिसरीत एक जागा रिकामी आहे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मी सर्वात आधी तेच पाहिलं. शुक्रवारपर्यंत अर्ज आला तर... रोज भेट होईल. म्हणजे, तुमचा त्रास वाचेल."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य.

मागे वर्गात कविता चालू होती. सगळ्यांच्या मागून, अर्धी ओळ उशिरा, ढमीचा आवाज.

"नको," मी म्हणालो. "ती इथे बोलते."